भाड्याच्या घरातला पंखा

१

दुसरं घर घेतल्याशिवाय माणूस खऱ्या अर्थाने प्रौढ होत नाही, असं प्राध्यापकांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी गुंतवणुकीवरच्या एका व्हिडिओतून उचललं होतं, आणि तो व्हिडिओ करणारा तरुण, मागच्या भिंतीवरून पाहता, आईवडिलांकडे राहत होता.

तरीही प्राध्यापकांनी मत अमलात आणलं. निवृत्ती तोंडावर आली होती. मेहुण्याला निम्म्याचा भागीदार करून, बायकोच्या साठवणीला हात घालून आणि उरलेल्यासाठी बँकेकडे जाऊन त्यांनी दोन खोल्यांचं एक घर घेतलं, भाड्याने देण्यासाठी. घराला रंग दिला. एका दुपारी बाजारात जाऊन पंखे, नळ, गिझर, दिवे असं सगळं नवंकोरं आणलं, वायरमनकडून लावून घेतलं आणि फोटो काढले. एजंटने ते फोटो टाकताच भाडेकरू मिळाली. एकटी, नोकरी करणारी, नुसत्या फोटोंवर होकार देणारी. पुढच्या सोमवारी ती यायची होती. ती आली तर तिच्या भाड्यातून हप्ता जाणार होता. ती फिरली तर हप्ता प्राध्यापकांच्या पगारातून जाणार होता, आणि पगाराचे दिवस आता थोडेच राहिले होते.

आणि आज, त्याच्या आधीच्या सोमवारी, प्राध्यापक त्या घराच्या झोपण्याच्या खोलीत मान वर करून उभे होते. त्यांच्या तोंडून असा शब्द निघून गेला होता, जो त्यांनी अर्थशास्त्र शिकवताना कधीच वापरला नव्हता.

छताला लटकत होता तो त्यांचा पंखा नव्हता.

त्यांचा पंखा चॉकलेटी, पात्यांना सोनेरी कड. हाही चॉकलेटीच, पण कड नाही, आणि एका पात्याला पोचा. त्यांनी बटण दाबलं. पंखा कुरकुरत फिरला आणि दर फेरीला टक् असा वाजू लागला. आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला. पण म्हाताऱ्या पंख्यांचे आवाज सगळीकडे सारखेच, असं म्हणून त्यांनी तो विषय मनातून काढला.

कुलूप शाबूत होतं. खिडक्यांचे गज जागच्या जागी होते. म्हणजे चोर किल्लीने आला, पंखा काढला आणि जाताना दुसरा लावून गेला.

प्राध्यापक स्टुलावर चढले आणि जवळून पाहू लागले. चोराने तारांचे जोड टेपने व्यवस्थित, अगदी प्रेमाने गुंडाळले होते.

२

"पंखा गेला," घरी येऊन प्राध्यापकांनी जाहीर केलं.

"कुठे?" बायकोने कणीक मळता मळता विचारलं.

"कुठे काय! चोरीला! आणि त्या जागी जुना लावलाय."

"मग फिरतोय ना?"

"फिरतोय. पण तो आपला नाही!"

"अहो, वारा आला म्हणजे झालं. वाऱ्याला काय, कोणाचा पंखा ते कळतंय?"

प्राध्यापकांनी हताश होऊन मान हलवली. बायकोला गुंतवणुकीतलं काही कळत नाही हे त्यांना पूर्वीपासून माहीत होतं. घर घेतल्यापासून ती मात्र खुशीत होती, स्वयंपाकघरात गुणगुणत असे. स्वतः प्राध्यापकांनाही अलीकडे गाढ झोप लागू लागली होती. चष्मा काढून डोकं टेकलं की थेट सकाळ. याचं श्रेय ते उत्पन्नाच्या दुसऱ्या स्रोताला देत, आणि स्टाफरूममध्ये तसं बोलूनही दाखवत.

किल्ल्या कोणाकोणाकडे होत्या, याचा त्यांनी विचार केला. एक एजंटकडे. एक वायरमनकडे, कारण दिव्यांचं थोडं काम बाकी होतं. एक मेहुण्याकडे, कारण निम्मं घर त्याचं होतं. चौथी इथेच, दाराजवळच्या खिळ्याला.

मेहुणा जुन्या गाड्या विकायचा. चांगला पार्ट काढून तिथे जुना बसवणं हे त्या धंद्यात चालतं, असं प्राध्यापकांनी ऐकलं होतं. हा विचार मनात आला आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. मेहुणा लहानपणापासून बायकोच्या कडेवर वाढलेला. पण लाज संध्याकाळपर्यंतच टिकली.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा त्या घरात गेले. स्वयंपाकघरात त्यांनी लांब मानेचा, गोल फिरणारा चकचकीत नळ बसवला होता. त्या जागी आता पितळेचा आखूड नळ होता, आणि त्याच्या गळ्याला चिंधी बांधल्याचा वळ पडला होता.

प्राध्यापकांनी त्याच दिवशी कुलूप बदललं. नव्या कुलपाच्या दोनच किल्ल्या होत्या. एक खिशात टाकली, दुसरी घरातल्या खिळ्याला लावली. मग आत्याला फोन केला.

३

आत्याची सगळी नोकरी विमा कंपनीत दावे तपासण्यात गेली होती. जळालेली गोदामं, बुडालेले माल, जिन्यावरून पडलेले नवरे, सगळं तिने पाहिलं होतं. तिच्यासमोर लोक खोटं बोलायला सुरुवात करत आणि अर्ध्या वाक्यात कंटाळून खरं सांगून टाकत.

बुधवारी ती एका पिशवीनिशी आली. दारातच प्राध्यापकांनी सगळी हकीगत सांगितली. आत्याने चप्पल काढता काढता एकच विचारलं, "बाकी काय काय नवं होतं तिथे?"

"दिवाणखान्यातला पंखा. तो तर सगळ्यांत महाग. बेसिनवरचा आरसा. दाराची बेल. गिझर."

"ते सगळं आहे?"

"आहे."

"महाग पंखा ठेवला, स्वस्त नेला," आत्या म्हणाली. "चोर गरीब नाही. हात धुवायला कुठे जाऊ?"

बायको चटकन पुढे झाली. "आत्या, तुम्ही बसा, मी इथेच तांब्या आणते."

"अगं, मी काय पाहुणी आहे?" म्हणत आत्या स्वयंपाकघरात गेलीच. पाण्याचा आवाज आला. ती बाहेर आली ती हात पुसत, आणि संध्याकाळभर फारशी बोलली नाही.

रात्री मेहुणा आला. कागदावर सह्या कधी, भाडेकरू कधी, अशी चौकशी करून गेला. जाताना तो दाराजवळ, त्या खिळ्यापाशी, बूट घालायला थोडा जास्तच वेळ वाकला होता. प्राध्यापकांनी ते डोळ्यांत तेल घालून पाहिलं.

गुरुवारी दुपारी कॉलेजातून ते थेट त्या घरी गेले. नवं कुलूप जसंच्या तसं लटकत होतं. त्यांनी हायसं वाटून आत पाऊल टाकलं, एक एक खोली पाहिली, आणि शेवटी न्हाणीघराचं दार उघडलं.

पांढराशुभ्र मोठा गिझर गेला होता. तिथे एक छोटा, कडेने गंजलेला गिझर भिंतीला टांगलेला होता, आणि त्याच्या खालच्या भिंतीवरचं सिमेंट अजून ओलं होतं.

४

"प्रत्येकाला बोलव," आत्या म्हणाली. "पण चोरी हा शब्द काढू नकोस. तू शब्द काढलास की माणसं वकिलासारखी बोलतात."

प्राध्यापकांनी हा सल्ला जरा जास्तच मनावर घेतला.

एजंट आला तो घामाघूम. "सर, भाडेकरूबाई सोमवारी सकाळी येतायत, फोटोत दिसतं तसं सगळं आहे ना? मागे एकाने फोटोत दाखवलेला पडदा नव्हता म्हणून घर सोडलं हो."

"समजा, एखाद्याला एखादा चांगला पंखा लागला," प्राध्यापक गंभीरपणे म्हणाले, "तर तो कुठून मिळवेल?"

"दुकानातून, सर."

एजंटच्या ताब्यात भाड्याची बरीच घरं होती, ही गोष्ट प्राध्यापकांनी मनात टिपून ठेवली. पण त्याची किल्ली आता त्या कुलपाला लागत नव्हती, हेही त्यांना मान्य करावं लागलं.

मग वायरमन आला. उभ्या उभ्याच बोलत होता, खाली स्कूटर चालूच ठेवून.

"काम कसं झालंय?" प्राध्यापकांनी डाव टाकला.

"एक नंबर, सर."

"आणि... तो पंखा?"

"मस्त आहे की! तुम्ही तर रोजच त्याचा अनुभव घेताय, मला काय विचारता?"

प्राध्यापकांना हे उत्तर उर्मट वाटलं. आत्याने मात्र पहिल्यांदाच मान वर केली. "आमच्याकडे एक छोटं काम आहे हो. उद्या-परवा जमेल?"

"छे हो मावशी! पुढच्या महिन्याशिवाय एक दिवस मोकळा नाही. माझी वेळ मिळाली की लोक घरातलं लग्न पुढे ढकलतात." आणि तो गेला.

"हा तर सरळ सरळ खोटं बोलतोय," प्राध्यापक कुजबुजले.

"नाही रे," आत्या म्हणाली. "हा एकटाच खरं बोलतोय. तू विचारत नाहीस, एवढीच अडचण आहे."

"म्हणजे तुला चोर कळला?"

आत्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आत बायको भांडी लावत होती, आणि भांड्यांचा आवाज एकाएकी थांबला होता.

"मला थोडा वेळ दे," आत्या जरा मोठ्यानेच म्हणाली. "कधी कधी थांबलं की माणूस आपणहून सांगतो. तेच बरं असतं."

पण प्राध्यापकांना थांबवत नव्हतं. सोमवार जवळ येत होता. खिळ्यावरची किल्ली, वाकलेला मेहुणा, जुन्या गाड्या. सगळं गणित त्यांच्या डोक्यात जुळलं होतं. त्यांनी रविवारी मेहुण्याला जेवायला बोलावलं.

५

जेवण कसंबसं पार पडलं. बायको वाढताना गप्प होती. मेहुण्याने दोन विनोद केले आणि कोणीच हसलं नाही तेव्हा तोही गप्प झाला.

"तुला गिझर हवा होता तर मागायचास," प्राध्यापक म्हणाले.

मेहुण्याचा हात ताटातच राहिला. "काय म्हणालात भावजी?"

"बुधवारी तू इथून किल्ली नेलीस. गुरुवारी गिझर गेला. त्याआधी पंखा, नळ. नवं काढून जुनं बसवायचं. तुझ्या दुकानात चालत असेल, माझ्या घरात चालणार नाही."

"तुमच्या घरात?" मेहुणा उभा राहिला. त्याचा आवाज वाढला नाही, उलट खाली आला, आणि तेच जास्त भीतीदायक होतं. "निम्मं घर माझं आहे. माझ्याच निम्म्या घरातला पंखा मी चोरला? मी धंदा करतो जुन्या गाड्यांचा, पण मोडकी गाडी मोडकी म्हणून विकतो. एक काम करा. माझा हिस्सा मला परत द्या. या महिन्यात. कसा द्यायचा ते तुम्ही बघा."

प्राध्यापकांनी ताट बाजूला सारलं. हिस्सा परत द्यायचा म्हणजे घर विकायचं. नुकतंच घेतलेलं घर घाईने विकायचं म्हणजे काय होतं, यावर त्यांनी स्वतः व्याख्यान दिलं होतं.

"ताई, येतो," मेहुणा म्हणाला. "आता बोलावू नकोस."

बायको हातात भाताचं भांडं घेऊन उभी होती. तिचा चेहरा उतरला होता.

"खाली बस," आत्या म्हणाली. मेहुणा बसला. आत्याने बस म्हटलं की गोदामांचे मालकही बसत. "हात धुऊन सगळे झोपायच्या खोलीत चला."

"कशाला?" प्राध्यापक म्हणाले.

"हवा खायला."

६

प्राध्यापकांच्या झोपायच्या खोलीत तिघं दाटीवाटीने उभी राहिली. आत्या पलंगाच्या काठावर बसली.

"मी आयुष्यभर चोऱ्या पाहिल्या," ती म्हणाली. "चोर वस्तू नेतो. तिच्या जागी दुसरी लावत बसत नाही. त्याला घाई असते. जो लावतो, त्याला दोन काळज्या असतात. एक, मागे राहणाऱ्या माणसाची अडचण होऊ नये. म्हणजे हा चोर भाडेकरूच्या वाईटावर नाही. आणि दुसरी काळजी?"

तिने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"जुनं टाकायचं कुठे! जुना पंखा हातात का उरतो? तर नवा कुठेतरी लागलेला असतो म्हणून. जिथून जुना निघाला तिथेच नवा गेला. तेव्हा चोर शोधायचा नाही, छत शोधायचं. आता हे बघा, दिवाणखान्यातला महाग पंखा गेला नाही. आरसा गेला नाही. बेल गेली नाही. का? दिवाणखान्यात तू दिवसभर बसतोस, आरशात दाढी करतोस, बेल वाजली की कान टवकारतोस. या चोराने नेमकं तेवढंच नेलं जिकडे तुझं लक्ष जात नाही. स्वयंपाकघरातला नळ. न्हाणीघरात पार वर टांगलेला गिझर. आणि..."

तिने हात लांब करून बटण दाबलं.

पंखा फिरू लागला. आवाज नाही. टक् नाही. नुसती वाऱ्याची एक मऊ झुळूक. पात्यांच्या सोनेरी कडा एकमेकींत मिसळून छतावर एक वर्तुळ झालं.

"झोपताना वर बघत नाहीस का रे?"

"चष्मा काढलेला असतो," प्राध्यापक पुटपुटले.

"आणि टक्-टक् कधी थांबली?"

"मला वाटलं... उत्पन्नाचा दुसरा स्रोत..."

मेहुणा तोंडावर हात ठेवून भिंतीकडे वळला. त्याचे खांदे हलत होते. रागाने की कशाने, ते पाठीवरून कळत नव्हतं.

"टेप बघितलीस तेव्हाच कळायला हवं होतं. मजुरी देऊन करवून घेतलेलं काम होतं ते," आत्या म्हणाली. "यापुढचं मी बोलणार नाही. ज्याचं त्याने बोलावं."

बायकोने भाताचं भांडं टेबलावर ठेवलं. इतका वेळ ते तिच्या हातातच होतं.

"मी केलं," ती म्हणाली. "वायरमनला मी बोलावलं, मीच पैसे दिले. त्याला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

"अगं, पण का?"

"का?" ती नवऱ्याकडे वळली. "लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तो नळ गळतोय. चिंध्या बांधून बांधून माझी बोटं वाकडी झाली. दर वेळी म्हणालात, पुढच्या वर्षी बघू. राहत्या घरावर केला तो खर्च आणि भाड्याच्या घरावर केली ती गुंतवणूक, हे मला पाठ आहे. आणि एका दुपारी तुम्ही पंखा, नळ, गिझर घेऊन आलात. एका बाईसाठी, जिचं तोंडसुद्धा पाहिलं नाहीत. मला नुसते फोटो दाखवलेत. नळाचा फोटो! माझ्याही साठवणीतून आलेल्या नळाचा!"

"मग सांगायचंस तरी."

"सांगितलं. तुम्ही 'हं' म्हणालात. व्हिडिओ बघत होतात."

"पण मी शोध लावत होतो तेव्हा? कुलूप बदलल्यावरसुद्धा गिझर?"

"वायरमनची गुरुवारची वेळ मिळालेली होती," बायको म्हणाली. "ती कोण सोडतं?"

आत्याने पटल्यासारखी मान डोलावली.

मग ती भावाकडे वळली. "तुझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं रे. मघाशी ताटावर बोलले नाही, ते चुकलं. तोंडातून निघेचना."

मेहुण्याने डोळे पुसले. "मला चोर ठरवलं आणि तू भात घेऊन उभी होतीस, ताई. हे मी जन्मभर काढणार." मग तो प्राध्यापकांकडे वळला आणि हसू मावळलं. "भावजी, तुमचं काय?"

प्राध्यापकांनी घसा साफ केला. उपलब्ध माहितीच्या आधारे निष्कर्ष घाईने काढला गेला असावा, असं ते म्हणू लागले. मग वर पंख्याकडे पाहून थांबले.

"चुकलो," ते म्हणाले. "माफ कर."

"हिस्सा राहू दे," मेहुणा म्हणाला. "पण कागदावर आता ताईचंही नाव घालायचं. तिसरी भागीदार. आणि पुढचा नळ ती सांगेल तिथे लागेल."

"घालू," प्राध्यापक म्हणाले. मग हळूच, "निदान उद्यापुरतं तरी सगळं परत तिकडे..."

"आणि वायरमन?" आत्याने विचारलं. "तो पुढच्या महिन्यात येणार आहे."

७

प्राध्यापकांची झोप उडाली, पंखा निमूट फिरत असूनही. सकाळी ते त्या घरात एजंटच्या आधी पोचले. पितळेचा नळ बायकोने आदल्या संध्याकाळीच चिंचेने घासून लख्ख केला होता. गंजलेल्या गिझरवर मेहुण्याने स्वतः रंगाचा हात फिरवला होता. पंख्याच्या पोच्याला मात्र उपाय नव्हता. "जुन्या मोटारी जास्त टिकतात" इथपासून "आवाज येणारा पंखा चालू आहे हे तरी कळतं" इथपर्यंतची वाक्यं प्राध्यापकांनी मनातल्या मनात घोकली. बायको शेजारी उभी होती. एजंट फोटो आणि छत यांच्यात आळीपाळीने पाहत होता, आणि त्याचं धाबं दणाणलं होतं.

बेल वाजली. बाई आत आल्या. उंच, केस कापलेले, घाईत. मागून दोन हमाल खोकी घेऊन आले.

"या, या," प्राध्यापक म्हणाले. "आधी झोपायची खोली दाखवतो. पंख्याबद्दल एक सांगायचं होतं..."

"नको, तसदी घेऊ नका. घरात ओल नाही ना? आणि उंदीर?"

"अजिबात नाही!" प्राध्यापक, बायको आणि एजंट एकदम म्हणाले.

बाईंनी खोकी झोपायच्या खोलीत छताला लागतील इतकी उंच रचून घेतली, उभ्या उभ्या कागदांवर सह्या केल्या, पहिलं भाडं दिलं, दाराला स्वतःचं कुलूप लावलं आणि खाली थांबलेल्या गाडीत बसल्या.

त्या मालवाहू जहाजावर इंजिनिअर होत्या आणि पुढचे सहा महिने समुद्रावर असणार होत्या. घर त्यांना सामान ठेवायला हवं होतं.